यंदाही पास

१६ ऑक्टो. २००४, फ्रेडरिक्टन, कॅनडा
गाडी पास. अरविंद गॅरेजहून आला तो बूट न काढता थेट स्वयंपाकघरात. "पास! पेढे कर." गेल्या वर्षी घेतलेली सेकंडहँड डिझेल हॅचबॅक, आधीच्या मालकाने चांगली दामटलेली, आणि ह्याचा आनंद असा की जणू केतकी बोर्डात आली. केतकी फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली, "डॅड, इट्स अ कार."

पेढे केले, मिल्क पावडरचे. पुढच्या शनिवारी अ. ऑइल चेंजला जाईल तेव्हा अर्धे रॉजर मेकॅनिकला. दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचं नवं स्टिकरही तेव्हाच लावून देणार म्हणे, आज गर्दी होती.

म्हणजे माझं आणखी एक वर्ष गेलं. अ.चं वाक्य ठरलेलं आहे: ही तपासणीत फेल झाली की लगेच ऑटोमॅटिक घेऊ, मग तू आरामात शीक.

२४ ऑक्टो.
आज मीच हट्ट धरला, ऑटोमॅटिक येईल तेव्हा येईल, हीच शिकव. मॉलच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. अ. शेजारी. "क्लच! अगं क्लच! ॲक्सिलरेटर दे! इतका नको!" गाडी उड्या मारत बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. त्याला माझी काळजी कमी आणि गिअरबॉक्सची जास्त. शेवटी मीच उतरले आणि दार आपटलं. त्यावरही बोलला, "दार हळू."

नागपुरात मी लूनावर धरमपेठ ते युनिव्हर्सिटी उन्हातान्हात जायची, कुणाला न विचारता. इथे कोथिंबीर संपली तरी शनिवारची वाट पाहायची.

९ फेब्रु. २००५
शेजारच्या ओरोमोक्टो गावाहून फोन होता. पाण्याची तपासणी करणारी लॅब. इंटरव्ह्यू चांगलाच झाला होता, माझं मायक्रोबायॉलॉजी त्यांना हवंय. पहिली पाळी सकाळी साडेसहाला. बस नाही.

अ.ला म्हटलं, एक ऑटोमॅटिक घेऊ या का आत्ताच? तो शांतपणे म्हणाला, "चालू गाडी आहे. पास होऊन राहिली ना दरवर्षी, मग काऊन विकायची? ऑक्टोबरपर्यंत थांब. फेल झाली की दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये." तो काही वाईट बोलला नाही. त्यामुळे भांडताही येईना.

११ फेब्रु.
लॅबला नाही म्हणून कळवलं. बाई फार चांगल्या. म्हणाल्या, नोव्हेंबरात आणखी एक जागा निघेल, तोवर गाडीचं बघा, मग मला फोन करा. केलेलं थालीपीठ तसंच राहिलं. बाहेर उणे पंचवीस. गाडी मात्र वायरने प्लगला लावून गरम ठेवलेली, तिची बडदास्त बघावी.

१५ ऑक्टो. २००५
सकाळी देवासमोर बसले आणि चक्क फेल होऊ दे म्हणून मागितलं. जोडीला मोदक कबूल केले. इतक्या वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते हे, एका डिझेल गाडीचं वाटोळं.

दुपारी अ. आला. "पास!" जरा थकलेला वाटला, पण हसला. स्टिकर पुढच्या शनिवारी.

पेढे केले. साखर मुद्दाम कमी घातली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ओरोमोक्टोला फोन केला नाही.

२ सप्टें. २००७
केतकीला शिकायला टोरोंटोला सोडून आलो. जाताना गाडी डिक्कीपर्यंत भरलेली, येताना मागची सीट रिकामी. निघताना मला मिठी मारून म्हणाली, "आई, जस्ट लर्न स्टिक. इट्स नॉट दॅट हार्ड." स्टिक म्हणजे ही गिअरची गाडी. म्हटलं, अगं ऑक्टोबर आलाच आहे, यंदा फेल होईल बहुतेक, आवाज किती करते बघ. ती म्हणाली, "यू से दॅट एव्हरी इयर."

खरंच म्हणते मी दर वर्षी.

परतीच्या वाटेत अ. म्हणाला, आता आपण दोघंच. शनिवारी ग्रोसरीला गेलो की येताना कुठे कॉफी घेत जाऊ.

१८ ऑक्टो. २००८
पास. मला आता हसू येतं.

उन्हाळ्यापासून माझ्या पायाखाली गालिचा ओला व्हायचा. एकदा मॅट उचलली तर खाली बोटभर भोक, त्यातून रस्ता पळताना दिसला. इथलं मीठ लोखंड खातं, बर्फ वितळवायला टाकतात ते. मला वाटलं, आता काही ही वाचत नाही. अ.ला दाखवलं तर म्हणाला, बघतो. मग "ऑइल चेंज"ला गाडी तीन दिवस रॉजरकडे. परत आली तेव्हा भोक नाही. अ. म्हणाला, मॅट बदलली. मी विचारलं नाही, मॅट बदलून भोक कसं बुजतं. का नाही विचारलं?

४ डिसें. २०१०
अ.च्या डोळ्यांत रक्त उतरलंय. शुगर. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, डाव्याने धुरकट. लेझर करतील. डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाली, ड्रायव्हिंग बंद, मला लायसन्स खात्याला कळवावं लागेल. कधीपर्यंत, हे तिने सांगितलं नाही, ह्याने विचारलं नाही.

टॅक्सीने घरी आलो. दारात गाडी, वर वीतभर बर्फ. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर फिरायला लायक. चालवायला घरात कुणी नाही.

अ. म्हणाला, "तुला शिकवायला पाहिजे होतं." मी म्हटलं, झोप आता.

२० मार्च २०११
लर्नरचं लायसन्स घेतलं. वय बावन्न. रांगेत सगळी केतकीपेक्षा लहान.

शेजारच्या डोरीनने शिकवायचं कबूल केलंय. तिने आयुष्यभर स्कूलबस चालवली, तिला कशाची भीती वाटत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, "डोंट टच द गॅस. जस्ट लेट द क्लच अप, स्लो." मी सोडला. गाडी आपली आपण पुढे सरकली, म्हशीसारखी, न हिसका देता. ॲक्सिलरेटरला पायही लावला नव्हता. डोरीन म्हणाली, डिझेलचं हेच तर बरं असतं, हिच्याहून शिकायला सोपी गाडी नाही.

मी तिला म्हटलं, जरा थांबू या. नाक पुसलं. तिला वाटलं घाबरले.

१० एप्रिल
अ. आज मागच्या सीटवर बसून आला. दिसत काही नाही, पण सूचना चालू: "थर्ड टाक. आवाज ऐक ना तिचा." उंटावरून शेळ्या. डोरीनने त्याला सांगितलं, अरविंद, माझ्या बसमध्ये बोलणाऱ्या मुलांना मी उतरवायची. गप्प बसला. मग हसलाही. फार दिवसांनी हसला.

१८ जून
डोरीनला शेजारी घेऊन ओरोमोक्टोपर्यंत चालवली. नदीच्या कडेकडेने सरळ रस्ता. एक वळणसुद्धा धड नाही. निघाले आणि पोहोचले. इतकंच होतं ते. ह्या एवढ्याशा रस्त्यासाठी मी सहा वर्षं घरात बसले.

लॅब आहे अजून, पाटी बदललीय. गाडी पार्क केली, आत गेले नाही. डोरीनने विचारलं, इथे काय काम? म्हटलं, काही नाही, वळायला जागा आहे म्हणून.

१५ ऑक्टो. २०११
तपासणीला मी घेऊन गेले. डोरीन सोबत. पेढे सकाळीच करून डबा बरोबर नेला, म्हटलं दर वर्षीची रीत आहे, अ. नाही म्हणून चुकायला नको.

रॉजर पंचावन्न-साठीचा, हात पुसत आला. डबा बघून ओळखलं, मिल्क कँडीवाली ती तूच का. मग म्हणाला, "ऑलरेडी? वी युज्वली गेट दीज द सेकंड टाइम."

दुसरी वेळ कसली, विचारलं. त्याने सहज सांगितलं. पहिल्या वेळेला ही गाडी कधीच पास होत नाही. मी ओळखतो तेव्हापासून नाही. कधी ब्रेक, कधी बॉल जॉइंट, एका वर्षी खालचा पत्राच वेल्डिंग करून बसवला. तुझा नवरा म्हणतो, दुरुस्त कर, आठवड्याने येतो. आठवड्याने येतो तेव्हा डबा आणतो, तेव्हा मी स्टिकर लावतो. दोनदा मी त्याला म्हटलं, विकून टाक. तो म्हणाला, नाही.

म्हणजे २००५ सुद्धा. मी मोदक कबूल केले होते ते वर्ष. देवाने ऐकलं होतं, माझ्यापर्यंत पोहोचलं नाही.

आजही फेल. मागचा ब्रेकचा पाइप गंजून संपलाय, गाडी रस्त्यावर न्यायची नाही म्हणाला रॉजर. दुरुस्त करायची की सोडायची ते कळवा. त्यानेच आम्हां दोघींना घरी सोडलं. डबा ठेवून घेतला.

१५ ऑक्टो., संध्याकाळ
अ. खुर्चीत रेडिओ ऐकत होता. पावलं ऐकून म्हणाला, "पास?"

मी म्हटलं, "फेल."

तो अजिबात दचकला नाही. म्हणाला, "पहिल्यांदा होतेच. रॉजर करून देईल."

मग त्याच्याच लक्षात आलं. रेडिओ बंद केला. मी कोट न काढता उभी. मी विचारलं, का? म्हणाला, सुरुवातीला वाटलं बारीकसारीक दुरुस्ती आहे, ह्याला काय फेल म्हणायचं. मग दुसऱ्या वर्षी सांगायला तोंड राहिलं नाही. मग सवय झाली.

आणि नंतर, अगदी हळू: "तू एकटी जायला लागली असती. शनिवारी आपण सोबत जायचो ना."

मलाही ते शनिवार आवडायचे. बाजूच्या सीटवर पाय गरम हवेत धरून, कॉफी हातात, दोघं काहीबाही बोलत. तेच मला आज सहन होत नाही. नुसता कंजूषपणा असता तर चार दिवस भांडले असते आणि सोडून दिलं असतं.

१७ ऑक्टो.
"चिडलीस?" अ.ने विचारलं. हो म्हटलं. त्याच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, घातले.

केतकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू कुड हॅव गॉन टू द गॅराज. वन्स." लागलं. पण खोटं नाही. मी कधी गेले नाही, कधी त्या काचेवरचं स्टिकर वाचलं नाही. कुणीतरी येऊन पास किंवा फेल सांगेल म्हणून पेढ्यांचं दूध आटवत बसले.

२१ ऑक्टो.
रोड टेस्ट पुढच्या गुरुवारी. डोरीन म्हणते, माझी ऑटोमॅटिक घेऊन जा, दोनच पेडल, कशाला जिवाला घोर. काल तिची चालवून पाहिली. डावा पाय सारखा क्लच शोधत होता. छान गाडी आहे. मला काही मजा आली नाही.

रॉजरचा फोन आला. पाइप, बॉल जॉइंट, दोन्ही करता येईल, वर्षभर सहज चालेल. नाहीतर इंजिनसाठी एक गिऱ्हाईक आहे त्याच्याकडे. सोमवारी सांगा.

अ. दारात उभा राहून ऐकत होता, चौकट धरून. मला वाटलं, म्हणेल, करून घे. जन्मभर तेच म्हणत आलाय. पण म्हणाला, "तू ठरव. तू म्हणशील ते."

डोळे चांगले असताना म्हणाला असता तर.

सोमवारच्या आधी अजून दोन दिवस आहेत. अजून काही ठरवलं नाही.