चौथीचा चित्रकलेचा तास

३ नोव्हेंबर
चित्रकला आणि गाणं, दोन्ही तास वेळापत्रकातून काढायचे म्हणे. नगरपालिकेचा प्रस्ताव. मुख्याध्यापकांनी कॉफी ओतता ओतता सांगितलं, जणू दूध संपलंय. "हौस असेल ती मुलं शनिवारी फी भरून शिकतील, टोरुनबाई."
हौस असेल ती! आमच्या बंदरावरच्या निम्म्या घरांत हौसेला शनिवार उरतो कुठे?

५ नोव्हेंबर
चौथीला लाकडी ठसे कोरायला दिले. इंगविल वाचायला उभी राहिली की शब्द घशात अडकतात तिच्या. आज तिने मासा कोरला, आणि शेजारणीला भरभरून सांगत होती — खवले कसे काढायचे, पातं कसं धरायचं. मी पाठमोरी उभी राहून ऐकलं. वळले असते तर गप्प झाली असती.
हे नगरपालिकेत कसं सांगायचं? तिथे आकडे लागतात.

९ नोव्हेंबर
माग्नहिल्डशी वाजलं. धाकटी बहीण, पण बोलायला मोठी. वृद्धाश्रमात परिचारिका आहे. आई तिथेच, वरच्या मजल्यावर.
"ताई, तुमच्या तासांचे पैसे आमच्याकडे येणार आहेत. माणसंच नाहीत गं आमच्याकडे, पैसे आले नाहीत तर वरचा मजला बंद करतील. ठाऊक आहे ना?"
ठाऊक नव्हतं.
मी म्हणाले, मुलं आणि म्हातारी माणसं यांना एकमेकांसमोर उभं करायचंच कशाला?
"वाक्य छान आहे. आईला बाथरूमला नेताना म्हणून बघ."

१० नोव्हेंबर
बोलूच नये का अठराच्या नगरपालिकेच्या सभेत?

१२ नोव्हेंबर
आईकडे गेले. दुपारी तीनलाच अंधार, इथला उत्तरेकडचा हिवाळा. वाफल्स नेले होते, वर तपकिरी चीज. सगळं सांगितलं तिला.
"बंद पडला हा मजला तर सुटले," आई म्हणाली. "सूप पांचट असतं इथलं."
मग वाफलचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "तुला बोलायचंय ना? मग बोल. माझं नाव पुढे करून गप्प बसू नकोस."

१८ नोव्हेंबर
सभा झाली. बोलले.
नगराध्यक्ष हालवार्ड वाईट माणूस नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, चित्रं काढून पोट भरतं का कुणाचं?"
"नाही भरत. पण शाळेत आपण नुसती पोटं पाठवत नाही." लोक हसले. मग मी म्हणाले — ज्यांच्या घरी पियानो आहे ती मुलं शिकतीलच. शाळेतला तास उरलेल्यांसाठी आहे. तो काढलात तर कला बंद पडणार नाही; ती कुणाची, एवढंच ठरेल.
मी खाली बसले, मग मतदान झालं.
तास राहिले! पालकांनी टाळ्या वाजवल्या. माग्नहिल्ड शेवटच्या रांगेत होती, कोट न काढता. न भेटताच गेली.

२६ नोव्हेंबर
वृद्धाश्रमाचा वरचा मजला बंद होणार. आईला फिओर्डपलीकडे, समुद्राच्या खाडीपार पाठवायचं म्हणतात — दोन फेरीबोटी बदलून. माग्नहिल्डचा फोन. रागावली असती तर बरं वाटलं असतं.
"तू चुकीचं बोलली नाहीस, ताई. पण आईला तिथे ओळखीचं कुणी नाही."
तिच्या घरी दोन लहान पोरं. माझं घर रिकामं.

१ डिसेंबर
राजीनामा दिला. आई सोमवारपासून माझ्याकडे. चौथीला नव्या बाई मिळतील — तास आहे म्हणून.