थडग्यासमोर हसरा फोटो

…आणि वर म्हणे, “पोरालाच आई नको असेल तर व्हिसावाले बिचारे काय करणार?” हे तुम्ही दुकानात, भर गिऱ्हाइकांसमोर बोललात, मामा. नाही म्हणू नका. गेल्या फोनवर तुम्ही म्हणालात की मी असं बोललोच नाही. त्याच्या आधीच्या फोनवर म्हणाला होतात की थट्टेत बोललो. म्हणजे बोललात. आपल्या गावात गोष्ट ओहोटीच्या पाण्यापेक्षा लवकर खाली उतरते, आणि ही तर थेट आईच्या चुलीपर्यंत जाऊन थांबली.

असो. रीत सोडून आधी भांडायलाच बसलो, अर्धवट शिकलेल्या माणसाचं असंच होतं. तर ग्वांगशौ मामांना भाचा युनफा याचा कमरेतून वाकून नमस्कार (दातओठ खात, पण वाकून). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? दुकानासमोरचा बसथांबा हलवणार होते, तो हलवला की साहेबाला सिगारेटची पाकिटं पोचती झाली? आम्ही इथे बरे आहोत. तुमची भाचेसून हुइरोंग मशरूमच्या शेडमध्ये कामाला जाते. लेक तांगतांग दुडुदुडु पळते, आणि हाताला लागेल तो फोन कानाला लावून “आजी, आजी” करते. तिच्या लेखी आजी म्हणजे एक चपटी, काळी, गार वस्तू आहे. गेला महिनाभर ती वस्तू बोलत नाही, कारण तुमची बहीण माझा फोन घेत नाही.

हे सगळं मी फोनवरच बोललो असतो. पण माझा निरोप आला की तुम्ही फोन गल्ल्यावर ठेवून तो मोठ्या आवाजात लावता आणि चहा प्यायला आलेली माणसं मध्येमध्ये सल्ले देतात. म्हणून हा कागद. अक्षराला हसू नका. मास्तरांनी सातवीत मला “चल, चालता हो” म्हटलं, तो मी चालत चालत ऑस्ट्रेलियापर्यंत आलो. दिवसभर खाटीकखान्यात मेंढीच्या खांद्यातलं हाड सोडवत असतो. या हाताला सुरी चालते, पेन निसटतं. (शाळेत असतानाही निसटायचंच, म्हणा.)

आता नीट ऐका, कारण तुम्ही लोकांना सांगता तसं हे प्रकरण नाही. हुइरोंगला दिवस गेले हे कळलं त्याच आठवड्यात आईने लाल तांदळाची दारू घातली आणि कोंबड्या आणून सोडल्या. सुनेचा बाळंतपणाचा महिना सासूने करायचा, महिनाभर तिला आलं घालून दारूतली कोंबडी खाऊ घालायची, थंड पाण्यात बोट बुडवू द्यायचं नाही. आईने यासाठीच मला जन्म दिला असावा असा तिचा उत्साह. कोंबड्या काही विमानातून येणार नव्हत्या, तरी पाळल्या, का तर हात बसलेला राहावा म्हणून. मी आईबाबांच्या व्हिसाचा अर्ज भरला. खरंखरं लिहिलं : बाप खाडीच्या चिखलात तिसऱ्या-शिंपल्या लावतो, आई त्या काढते आणि बाजारात विकते. उत्तर आलं की अर्जदारांना पक्की नोकरी नाही, बँकेत शिल्लक नाही, भेट संपल्यावर ते मायदेशी परत जातील याची खात्री पटत नाही.

खात्री पटत नाही! मामा, माझा बाप तालुक्याच्या गावी लग्नाला गेला तरी जेवण उरकून शेवटच्या बसने परततो, कारण परक्या घरात त्याला झोप लागत नाही. पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं? तसा रकानाच नाही.

बाळंतपण आलं. मग कोण आलं? हुइरोंगचे आईबाप, चंगदूहून. सासरे निवृत्त मास्तर, पेन्शन, स्वतःचा फ्लॅट. एकाच फटक्यात तीन वर्षांचा व्हिसा, हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा! आणि ही माणसं येऊन काय करत होती? दोघंही ओसरीवर बसून समोरच्या गाई मोजत होती. पत्ते-सोंगट्यांना चौथा गडी नाही, मिरची जीभ जाळत नाही, शेजारी हसतो पण घरात येत नाही. पाचव्या आठवड्यात सासरे म्हणाले, “जावईबापू, तुमचा देश चांगला आहे, पण इथे माणूस मेला तरी कुणाला कळायचं नाही,” आणि निघून गेले. तो व्हिसा अजून चंगदूच्या कपाटात पडून आहे, कुणी वापरत नाही. इकडे आईच्या कोंबड्या म्हाताऱ्या होऊन मेल्या. त्यांना निदान जायची परवानगी मिळाली.

तुम्ही म्हणाल, मग तूच का येत नाहीस? कितीदा सांगू? माझा इथे राहायचा कायमचा कागद अजून त्यांच्या टेबलावर पडलाय. तो हातात पडायच्या आत देश सोडला तर परत आत घेतील की नाही, हे वकीलही सांगत नाही. (न सांगण्याचे पैसे मात्र तासाच्या हिशोबाने घेतो.) म्हणून मी बाहेर जाऊ शकत नाही आणि ते आत येऊ शकत नाहीत. मध्ये एवढा समुद्र आहे, आणि त्याच्या एका काठाला माझाच बाप तिसऱ्या लावतो.

मग दुसऱ्या अर्जाच्या वेळी तुम्ही पुढे झालात. “पोरा, खरं लिहून कुणाचं भलं झालंय? बाजूला हो, मामा बघतो.” शिक्के बनवणाऱ्या तुमच्या मित्राने बाबांना एका सागरी उत्पादन कंपनीचे उपसरव्यवस्थापक केलं. माझ्या बापाला! ज्याच्या पायाच्या नखांतला चिखल लग्नाच्या दिवशीही निघाला नव्हता! मी तेव्हाच म्हटलं होतं की बाबांना खोटं बोलता येत नाही. तुम्ही म्हणालात, बोलायचं कुठे आहे, नुसता कागद तर द्यायचाय. आणि व्हिसा कचेरीतून फोन आला, बाबा गुडघाभर चिखलात उभे असताना. बाईंनी अदबीने विचारलं, “साहेब, आपल्या हाताखाली किती माणसं आहेत?” बाबा म्हणाले, “हाताखाली कुणी नाही, ताई. मी नि माझी बायको. आम्ही दोघं भरती-ओहोटीच्या हाताखाली.” बाईंनी विचारलं, “मग आपली रजा कोण मंजूर करतं?” बाबांनी वर बघून सांगितलं, “चंद्र.”

बाबा अजून म्हणतात की बाई फार चांगली होती, तिने “काळजी घ्या” म्हटलं. नकार आठवड्याभरात आला.

आणि आता तिसरा अर्ज, ज्यावरून तुम्ही गावभर माझी अब्रू वाळत घातलीत. कल्पना कुणाची होती, ते आठवा. मी विचारत होतो की परत येण्याचा पुरावा काय द्यायचा. घर आजोबांच्या नावावर, चिखल सरकारचा. तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, “डोंगरावर आमचं थडगं बांधून तयार आहे ना? स्वतःचं थडगं टाकून माणूस परक्या मुलखात राहील का? याहून मोठा पुरावा कुठला?” मामा, खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या इथल्या पहिल्या कमाईतून बांधलेलं ते थडगं, समोर खाडी, मागे डोंगर, दगडावर दोघांची नावं लाल रंगात. आपल्यातलं शेंबडं पोरही जाणतं की लाल नाव म्हणजे माणूस जिवंत आहे, जागा फक्त राखून ठेवलीय, आणि माणूस गेला की मग त्यावर सोनेरी रंग चढतो. मला वाटलं, झालं, आता यापुढे कुणाला तोंड उघडायला जागाच नाही.

तुम्ही फोटो काढायला गेलात. आईने नवं जाकीट घातलं, केस रंगवले. दगडाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई, आणि तुम्ही ओरडलात, “हसा की! लेकाकडे निघालात ना?” दोघंही दात दाखवून हसली. आईचा इतका चांगला फोटो मी जन्मात पाहिला नव्हता.

व्हिसावाल्यांनी काय वाचलं? अर्जदारांनी अंत्यसंस्काराच्या व्यवस्थेबाबत कागद जोडले आहेत. वय व हे कागद पाहता अर्जदार गंभीर आजारी असण्याची शक्यता वाटते. भेट तात्पुरती राहील याची खात्री पटत नाही. म्हणजे मामा, आम्ही सांगत होतो की मरायला ही माणसं घरीच येणार आहेत, आणि ते समजले की मरायला तुमच्याकडे येतायत!

इथवर ठीक होतं. परक्यांना आपली रीत कळत नाही, सोडा. पण तुम्हाला तर कळते ना? तुम्ही दुकानात बसून हिशोब मांडलात की सुनेच्या आईबापांना व्हिसा मिळतो आणि सख्ख्या आईला तीनदा नाही, म्हणजे पोरानेच आतून पाचर मारलीय. आपल्यात मामा म्हणजे पंक्तीतली मानाची खुर्ची. तो बसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, आणि तो बोलला ते आईसाठी दगडावर कोरलेलं. व्हिसावाल्यांनी तीनदा नाही म्हटलं तेव्हा तिने तीनदा डोळे पुसून विचारलं, “पुढचा अर्ज कधी भरायचा?” तुम्ही एकदा बोललात आणि तिने फोन घेणं बंद केलं.

म्हणून आता ठरवलंय. अर्ज बंद. मी इथे, ती तिथे, मध्ये पाणी. मेंढ्या कापाव्यात, पैसे पाठवावेत, गप्प बसावं. तुम्हीही गप्प बसा. एवढंच सांगायला लिहिलं. राग मानू नका, किंवा माना, टपालाला पोचायला दोन आठवडे लागतात, तोवर माझा तरी उतरलेला असेल.

तुमचा भाचा,
युनफा

ता. क. आईचा एक नवा फोटो हवाय, पासपोर्टला लावतात तसा, मागे पांढरी भिंत. चौथा अर्ज निम्मा भरून झालाय. भिंत तपासून घ्या, कुणाचं नाव कोरलेलं नको.

आणखी एक. खरं तर यासाठीच लिहायला बसलो होतो, पण हात तिकडे वळेना. बाबांनी मला चोरून सांगितलंय. तुमचं बोलणं ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी आई एकटीच डोंगरावर चढली आणि स्वतःच्या हाताने आपल्या नावावर सोनेरी रंग देऊन आली. बाबांचं नाव लालच ठेवलं. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणाली. फोन वाजला की म्हणते, “मेलेली माणसं फोन घेत नाहीत.” बाबा म्हणतात, वरच्या वाडीतली एक बाई त्यांना विधुर समजून परवा रताळी देऊन गेली. (त्यांनी घेतली. आईने ती उकडली आणि दोघांनी वाटून खाल्ली.) मला आधी हसू आलं. मग सुरी खाली ठेवावी लागली.

मामा, छिंगमिंगचा सण तोंडावर आलाय. सगळं गाव थडगी झाडायला डोंगरावर चढेल, सोनेरी नाव बघेल, आणि कुणीतरी भाबडा मेलेल्यांना खर्चायला जाळतात तशा कागदी नोटा माझ्या जिवंत आईच्या नावाने जाळेल. त्याच्या आत हे काम तुम्ही करायचं, गवंड्याला पाठवून नाही, स्वतः. गुडघा दुखत असला तरी. आईला सोबत न्या, आणि तिच्यासमोर, त्या दगडासमोर, आपले शब्द मागे घ्या. ज्या खुर्चीवरून बोललात तीच सोबत वर न्या, हवं तर. मग सोनेरी खरवडून लाल रंग द्या, चांगला दोन हात, पावसाने उतरणार नाही असा. रंग ओला असतानाच मला फोन लावा आणि तो तिच्या हातात द्या. तांगतांग या टोकाला कान लावून बसलेली असेल.

रंगाचे आणि तुमच्या गुडघ्याच्या मलमाचे पैसे या पत्रासोबत निघालेत. मयताच्या घरी विषम आकडा देतात, जिवंत माणसाला सम, हे तुम्हाला मी काय सांगणार. बाबांच्या खात्यावर पोचतील, मोजून घ्या : ८८८ युआन.