पालकांनी समक्ष यावे

नारपोली, भिवंडी
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप केसरीनाथमामांच्या चरणी भाचा बाळाराम याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सहाच अंगं जमिनीला पोचतात. उरलेली दोन मनाने पोचली असं धरून घ्यावं.)

मामा, खटाक्-खट, खटाक्-खट हा आवाज तुम्हाला अजून ऐकू येतो का? लूम तर आजही माझ्या घराच्या दोन्ही बाजूंना चालू आहेत, त्यांचं नाही म्हणत. मी म्हणतोय तो आपल्या शाळेतला आवाज. चौथीच्या वर्गाची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच होती. गुरुजींनी कविता म्हणायला लावली की पलीकडून लूम ठेका धरायचे आणि अख्खा वर्ग त्यावर डुलायचा. कविता ही वस्तू अशीच विणून तयार होते, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. मग एकदा साहेब तपासणीला आले, ते नेमके शुक्रवारी, म्हणजे लूमच्या सुटीच्या दिवशी. गुरुजी म्हणाले, म्हणा. चाळीस पोरं तोंड उघडून उभी आणि पहिली ओळ कोणालाच आठवेना. वर्ग मुका आहे असं साहेबांनी वहीत लिहून नेलं. तुम्ही तेव्हा पहिलीत होता आणि खिडकीतून आम्हाला हसत होता. मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठा, पण दम कसा देणार? तुम्ही जन्मलात त्या दिवशी आईने मला पाळण्यापाशी नेऊन आपल्या धाकट्या भावाच्या पाया पडायला लावलं होतं, आणि तेव्हापासून तुम्ही माझे वडीलधारे आहात. (पुढे मध्येच कुठे 'तू' आलं तर ते विटीदांडूच्या दिवसांतलं समजावं. मान तेवढाच आहे.)

तुमची कंबर कशी आहे? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला अंबाडीच्या एसटीतल्या एका अनोळखी बाईकडून कळलं. आपल्या मामींचा डोळा परक्या तोंडून कळावा ही पाळी माझ्यामुळेच आली, याची मला जाणीव आहे. त्याकडे येतोच. आधी कॉलेजचं सांगतो.

गेल्या वर्षी मी कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला नाव घातलं, हे आपलं बोलणं चालू असतानाच तुम्हाला सांगितलं होतं. कॉलेज पूर्ण्याला, गोदामांच्या रांगेत आहे. इमारतही मुळात गोदाम म्हणूनच उठवली होती, त्यामुळे वर्गांना दारांऐवजी शटर आहेत. (शेवटच्या तासाला एकदा माझा डोळा लागला आणि शिपायाने शटर ओढून घेतलं. तासाभराने आतून कविता ऐकू आली म्हणून उघडलं.) जागा इतक्या रिकाम्या होत्या की माझं वय कोणी काढलंच नाही. दहावी पास का, एवढंच विचारलं. मी चौऱ्याहत्तर सालचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट दाखवलं. ते क्लार्कने उजेडाकडे धरून पाहिलं आणि प्राचार्यांनी मला पेढा भरवला. आठवड्यात रस्त्यावर माझा फोटो लावून बॅनर लागला. खाली लिहिलं होतं, आजच प्रवेश घ्या. बॅनरवरचा म्हातारा गेला की काय, म्हणून दोन जण घरी भेटायला येऊन गेले.

नारपोलीहून पूर्णा तसं जवळ. मोबाइल म्हणतो बारा मिनिटं. मोबाइलला कंटेनर दिसत नसावेत. एका नागालँडच्या कंटेनरमागे रिक्षात बसून मी पुस्तकाचं एक अख्खं प्रकरण संपवलं आहे. 'क्यू' नावाचा धडा शिकवताना आमच्या नूरैन मॅडमना उदाहरण सुचेना, तेव्हा मी शटरबाहेर बोट दाखवलं. जो आधी आला तो आधी सुटेल, हा नियम मुलांना कळला, पण कोणी सुटताना काही दिसलं नाही. कॉलेजच्या माहितीपत्रकात शंभर टक्के नोकरीची हमी आहे आणि ती खोटी नाही. शेजारच्या गोदामात पार्सलवर स्कॅनर मारायला माणसं लागतात. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकलेली मुलं कंपाउंडच्या भिंतीपलीकडे उडी मारली की नोकरीला.

नूरैन मॅडम सव्वीस वर्षांच्या आहेत. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तशा त्या मोठं माणूस आलं म्हणून उभ्या राहिल्या. बाई उभ्या म्हणून मीही उभा. मी बसल्याशिवाय त्या बसेनात, त्या बसल्याशिवाय मी बसेना, आणि तास तसाच संपला. माझ्या बाकावर नेत्रा नावाची सोळा वर्षांची मुलगी बसते. ती बाहेर मला आजोबा म्हणते आणि वर्गात बाळाराम, कारण वर्गात आम्ही बरोबरीचे. मला गणित उतरत नाही, पण पाठांतर उतरतं, म्हणून मी धड्यांच्या कविता करतो. नावं वयाप्रमाणे ओळीने कशी लावायची, याची ही कविता आमचा सगळा वर्ग बाकावर हात आपटत म्हणतो, खटाक्-खट:

शेजाऱ्याला विचार वय,
थोरला पुढे, धाकटा मागे.
फेरी सरली? पुन्हा फेरी,
ओळीत येती सगळे धागे.

या कवितेनेच माझा घात केला. वैशाखात आमच्या मनोजच्या माधवीचं लग्न होतं. नातीची पत्रिका आजोबा स्वतः कॉम्प्युटरवर करतील, असं मी जाहीर केलं. आपल्यात पत्रिकेत पहिलं नाव कोणाचं घालायचं यावर लग्नापेक्षा जास्त बैठका होतात. मी म्हटलं, बैठका कशाला, कॉम्प्युटर आहे. घरातली बारा वडीलधारी नावं घातली, जन्मसालं घातली आणि बटण दाबलं. थोरला पुढे, धाकटा मागे. मी तिसरा आलो. तुमच्या पाया पडणारा माझा साडू नववा आला. तुम्ही अकरावे. छापखान्यात कागद दहाव्या नावाला संपला. मी शाबासकीच्या धुंदीत होतो, छापून आलेली पत्रिका डोळ्यांखालून घातलीही नाही. कॉम्प्युटरला वय कळतं, मामा. पाळण्यापाशी नेऊन पाया पडायला लावलेलं त्याला कळत नाही. आणि मला कळत होतं, ते मी त्याला सांगायला विसरलो.

तुम्ही लग्नाला आलात, मांडवाच्या बाहेरूनच अक्षता टाकल्यात आणि पाण्याचा पेलाही न घेता एसटी धरलीत. त्या दिवसापासून तुमच्या मोबाइलवर माझा फोन लागत नाही. नेत्राला दाखवला, तर ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला ब्लॉक केलंय. म्हणून हे पत्र. जगभरची पार्सलं पूर्ण्याला येऊन पडतात, पण पूर्ण्याहून अंबाडीला पत्र कधी पोचेल हे कोणी सांगत नाही, तेव्हा एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. सोबत माधवीच्या लग्नाची एक पत्रिका जोडली आहे. ही मी एकच प्रत नव्याने छापून घेतली. तिच्यात पहिलं नाव तुमचं आहे. लग्न मात्र परत लावता येणार नाही, माधवी तयार नाही.

आता अभ्यासाचं. अभ्यास चांगला चालू आहे, फक्त मी कॉलेजात नसतो. म्हणजे असतो रोज, पहिल्या बाकावर, पण जुलैपासून हजेरीचं मशीन आलंय आणि त्यावर अंगठा ठेवावा लागतो. पस्तीस वर्षं मी लूमवर तुटलेला धागा चिमटीत धरून, पीळ देऊन गाठी मारल्या. त्यात अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या, हे मला मशीनमुळे कळलं. मी अंगठा ठेवला की आतली बाई म्हणते, प्लीज ट्राय अगेन. मागे साठ मुलांची रांग. तेल लावून पाहिलं, पावडर लावली, तुमच्या भाचेसुनेने, चंद्राने, एकदा लिंबू चोळून दिलं. तीन महिन्यांत बाईने मला तीनदा ओळखलं, तेही कोण समजून, देव जाणे. हजेरी चार टक्के भरली. लागते पंच्याहत्तर.

मी नूरैन मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही रोज समोर दिसता. लेकिन सिस्टिममध्ये तुम्ही नाहीच."

"मग बाकावर रोज बसतो तो कोण?"

"वो मैं कैसे बताऊँ, काका. तसा कॉलमच नाही."

बाई चांगल्या आहेत. त्यांनी माझ्यासाठी वर अर्ज केला. वरून उत्तर आलं की विद्यार्थ्याने गैरहजेरीचे कारण मशीनवर नोंदवावे. नोंदवायला आधी अंगठा लागतो.

गैरहजर मुलांच्या पालकांना रोज सकाळी दहा वाजता आपोआप मेसेजही जातो. नेत्रा तापाने झोपली होती तेव्हा तिच्या वडिलांना मेसेज आला आणि तिच्या उशाशी बसलेले ते तिला शोधायला निघाले. माझा मेसेज कोणाकडे जातो कोण जाणे. मनोजला येत नाही, चंद्राला येत नाही. प्रवेशाचा फॉर्म भरून दीड वर्ष झालं, पालकाच्या रकान्यात मी काय लिहिलं ते आता आठवत नाही. कोणी परका माणूस माझ्या काळजीत असेल.

असो. पत्र लिहिण्यामागे खुशाली कळवणं आणि माफी मागणं याखेरीज काहीही हेतू नाही. मामींनी डोळ्याला धूर लागू देऊ नये. राग उतरला असेल तर ब्लॉक काढावा, उतरला नसेल तर पत्रिकेतलं पहिलं नाव पुन्हा एकदा वाचावं.

आपला आज्ञाधारक (आणि चार टक्के हजर) भाचा,
बाळाराम

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. हजेरी कमी असलेल्यांच्या पालकांनी शनिवारी अकरा वाजता कॉलेजात समक्ष येऊन सही करायची आहे. सही झाली नाही तर परीक्षा नाही, वर्ष पुन्हा. नेत्राला वर्ष पुन्हा मिळेल. अडुसष्टाव्या वर्षी मी ते कोणाकडे मागू? मनोज यायला फार उत्सुक होता. ("माझ्या वेळी तुम्ही हेडमास्तरांसमोर मला काय काय बोललात, सगळं लक्षात आहे, बाबा.") पण कॉम्प्युटरच्या यादीत पालक म्हणून वडील, आई, काका, मामा आणि मोठा भाऊ एवढेच आहेत. मुलगा नाही. 'इतर' दाबलं तर कोर्टाचा कागद मागतो. आई-बाबा गेले, काका गेले, भावंडांत मीच थोरला. यादीतलं जिवंत नाव एकच उरतं, आणि ते मी पत्रिकेतून घालवलं.

ता. क. दुसरा. सही कशी करायची असा प्रश्न तुला पडणार नाही, कारण ही पहिली वेळ नाही. चौऱ्याहत्तर साली ठाण्याच्या पॉलिटेक्निकला माझं नाव लागलं होतं. एकोणीस दिवस गेलो. मग लूमचं धावतं शटल लागून बाबांची दोन बोटं गेली आणि लूमवर हात कमी पडला. ते माझं नाव काढायला आले तेव्हा तू त्यांची छत्री धरून आला होतास, आठवीत होतास, हाफ पँट. बाबांनी अंगठा पुढे केला. क्लार्क म्हणाला, अंगठा चालणार नाही, सही लागेल, शिकलेला पालक कोण आहे? बाबांनी तुझ्याकडे बोट केलं, हा पोराचा मामा. तू जीभ बाहेर काढून, कित्त्यातल्या वळणाने, पूर्ण नाव लिहिलंस. अक्षर फार सुंदर होतं. मी शेजारीच उभा होतो, आणि तेव्हाही माझ्या मनात तेच आलं की अक्षर काय सुंदर आहे. यात दोष कोणाचाच नाही. बाबांचा अंगठा चालला नाही, माझाही चालत नाही. मधली सही तेवढी तुझी आहे. मला विसावा दिवस कसा असतो ते बघायचं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप. तो बघून झाला, आता परीक्षा कशी असते ते बघावं म्हणतो. येणं जमलं नाही तरी मला वाईट वाटणार नाही. (वाटेल.)

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायला घेतलं आणि दार वाजलं. चंद्राने उघडलं. मामा, दारात तुम्ही आहात. हे तुम्हाला कळवण्यात काही अर्थ नाही, पण पत्र अर्धवट टाकायची मला सवय नाही. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हे तुमच्या लक्षात आहे. चपला काढता काढता मोबाइल पुढे धरून चंद्रालाच सांगताय:

"चंद्रा, इचार तुझ्या घरवाल्याला. तीन महिनं रोज दहा वाजता मेसेज येतंय, आपला पाल्य बाळाराम गैरहजर हाय म्हणून. घरातून निघतो ना तो? मंग जातो कुठं?"

"कॉलेजलाच जातात, मामा. डबा नेतात, रिकामा आणतात."

म्हणजे तो रकाना मी तुमच्या नावाने भरला होता. तुम्हाला न विचारता. तुम्ही मला ब्लॉक केलंत, कॉलेजला नाही केलंत.

आता तुम्ही खुर्चीवर बसलाय, भिंतीकडे बघून बोलताय. "मागं नाव काढलं तवा दोन दिस जेवला न्हवता हा. म्हटलं, परत कोणी काढलं काय, बघून यावं."

चंद्रा तुम्हाला सगळं सांगते आहे, अंगठ्याचं, शनिवारचं, यादीचं. पाण्याचा पेला तुम्ही घेतलात, हे मी तिरक्या नजरेने पाहिलं. आता तिच्याकडे पेन मागताय, सहीचा सराव करायला. घरात चालणारं पेन हे एकच आहे, तेव्हा इथेच थांबतो.