खुर्चीखालचं गवत

२ सप्टेंबर
नातीने वही दिली. म्हणाली, आजी, एकटीच बडबडतेस त्यापेक्षा लिही. मी बडबडत नाही. ह्यांच्या खुर्चीला चार गोष्टी सांगते, एवढंच. हे जाऊन सात महिने झाले, खुर्ची अजून लॉनच्या मधोमध. हलवायला माझी कंबर धड नाही.

लॉनवर ताटाएवढं तपकिरी वर्तुळ पडलंय. थोरला म्हणतो, महिनाअखेर हिरवं झालं नाही तर टाइल्स घालून गाडी लावणार. ह्यांनी वीस वर्षं जपलेलं गवत. मला गवताचं काही नाही. पण पोटच्या पोराकडून हरायचं नाही.

ठराव: भरपूर युरिया.

३ सप्टेंबर, संध्याकाळी
हे वर्षातून तीनदा खत घालायचे, तेही काठ तुटलेल्या वाटीने मोजून. जन्माचे चिक्कू. उपाशी गवत वाळणार नाही तर काय. मी तांब्या घेतला. वर पाण्याचा पाइप तासभर. खुर्चीखालची जागा सोडली. कंबर.

७ सप्टेंबर
हिरवंगार. सुनेला दाखवलं. हो का, म्हणाली आणि फोनकडे बघत राहिली. जळते.

११ सप्टेंबर, सकाळी सहा
वर्तुळं पाच झाली. दवात त्यांच्यावर पांढरं जाळं, कोळ्याचं असावं तसं. हे सकाळी अनवाणी असेच गोल गोल फिरायचे. मी भुताखेतांना मानत नाही. तरी काठावरूनच विचारलं, काय पाहिजे? उत्तर नाही. जिवंतपणी तरी कुठे द्यायचे.

ठराव: खत दुप्पट.

१५ सप्टेंबर
माळी आला. उकिडवा बसून एक पातं ओढलं, बुडाशी कुजून हातात आलं. म्हणाला, आजी, ही बुरशी. युरिया जास्त झाला की पातं लुसलुशीत होतं, बुरशीला आयतं जेवण. त्यात तुम्ही संध्याकाळी पाणी घालता, गवत रात्रभर ओलं. खत बंद, पाणी सकाळी.

मी म्हटलं, उपाशी ठेवून कुणी बरं होतं का?

म्हणाला, लाडाने मारताय त्याला.

चहा न देता वाटेला लावला.

डॉक्टरही असंच बोलायचा. ह्यांच्या रक्तात साखर, गोड बंद. मी चहात दोन चमचे घालायचेच. हे मागत नसत. पण पीत. जगायचं तेवढं गोड जगावं माणसाने. विषय संपला.

१६ सप्टेंबर
कालचं खोडणार होते. पेन पक्क्या शाईचं आहे. राहू दे.

२२ सप्टेंबर
वर्तुळं एकमेकांत मिसळली. खुर्चीकडे सरकताहेत. खुर्चीत कुणी पाठ करून बसल्यासारखं वाटतं, म्हणून पाइप लांबूनच धरते. शेवटचा एक तांब्या घातला. उद्यापासून मोजून.

२३ सप्टेंबर
वाटी सापडेना. तांब्याच घेतला.

३० सप्टेंबर
थोरला टाइल्सवाल्याला घेऊन आला. मी म्हटलं, वडिलांच्या खुर्चीला हात लावायचा नाही. म्हणाला, आई, सात महिने तेच ऐकतोय. उचलली.

खाली चार पायांमधला चौकोन हिरवागार. ह्यांनी जायच्या आधी मोजून घातलेल्या त्या वाटीनंतर तिथे कणभर खत पडलेलं नाही. बाकी लॉन तपकिरी.

टाइल्सवाला टेप गुंडाळत उभा. थोरल्याने विचारलं, आई, खत कुठे कुठे घातलंस? म्हटलं, सगळीकडे. इथे सोडून.

तो काही बोलला नाही. बापावर गेलाय.

सोमवारी टाइल्स लागणार. तेवढा चौकोन सोडतील. संध्याकाळी खुर्ची मीच उचलून परत जागेवर ठेवली. मग चहाचे दोन कप केले, एक खुर्चीच्या हातावर ठेवला. साखर घातली नाही. डबा वरच्या फळीवर होता, हात पोचला नाही.