दादाच्या दाताची फट

रविवार, रात्र. पुसद.

आज लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

महागावच्या कांताबाईंनी त्यांच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट माझ्या स्टुडिओत दुरुस्तीला दिली होती. ओल लागून खराब झालेली. त्यांचा मोठा भाऊ पंगतीत वाढतोय, हसतोय, आणि नेमके त्याच्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे. तो आता नाही. घरात त्याचा एक फोटोही नाही.

परवा मी एआयकडून ते पट्टे भरून घेतले. चेहरा लख्ख आला. मी खूश! बाईंनी मात्र मान हलवली. "हा आमचा दादा नाही जी. त्याचा समोरचा दात पडेल होता."

एआयने त्याला अख्खी बत्तीशी दिली होती. मला आधी काहून सुचलं नाही विचारायचं? लाज वाटली. देखण्या चेहऱ्यावरच भाळले ना मी?

मग दोन दिवस एकेक फ्रेम पाहिली. पट्टे सरकत होते; कुठे डोळे मोकळे, कुठे ओठ. एका फ्रेममध्ये ती दाताची फट सापडलीच! ते खरे तुकडे जोडले. एआयला फक्त उरलेल्या बारीक रेघा भरू दिल्या.

आज दादा हसला, फटीसकट. "असाच हासे तो, पोरी, असाच!" बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच ढाणकीच्या बहिणीला फोन लावला. "सुमे, पुसदले ये वं लवकर. दादा दिसून राह्यला!"

सुमनबाई येईपर्यंत मी दुकान उघडं ठेवलं. दोघी बहिणींनी तेवढाच तुकडा सात वेळा पाहिला. आठव्यांदा मीच लावला.