आत: १

सोमवार, ३ तारीख

नोकरी लागली! ताईने सांगितलं तेव्हा वाटलं, माझ्या खोड्यांचा सूड उगवतेय. पण नाही, साहेबांच्या सहीचा खराखुरा कागद होता. ही वहीपण तिनेच दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिही, तेवढा वेळ तरी तुझे हात गप्प बसतील. दहावीला दोनदा बसून दोनदा उठलेल्या माणसाला रोजनिशी लिहायला लावते, धाडस आहे बाईचं.

मटार आणि मका गोठवून ठेवायचं कोठार आहे. आत उणे अठरा. ताई तिथे सहा वर्षं पोती लावते. तिनेच शब्द टाकला. साहेबांना म्हणाली, भाऊ वात्रट आहे, पण चोर नाही. साहेब म्हणाले, वात्रट चालेल, झोपाळू नको. बाहेर आल्यावर तिने माझा कान पिळला आणि म्हणाली, गाढवा, एक जरी तक्रार आली ना, तर साहेबांच्या आधी मीच तुला हाकलेन.

काम एकदम राजेशाही. कोठाराच्या दाराला वर चौकोनी काच, दाराबाहेर माझी काचेची केबिन, त्यात कॉम्प्युटर. आत जाणारा दारापाशी कार्ड टेकवतो, बाहेर येणारा परत टेकवतो. पडद्यावर वर मोठं घड्याळ, त्याखाली ‘आत’ आणि पुढे आकडा. तिघं आत असतील तर ३. कुणालाही अर्धा तास झाला की कॉम्प्युटर आत घंटा वाजवतो, की त्याने निमूट बाहेर यायचं. आत कुणी मनगटावरचं घड्याळ बघत नाही. हातावर दोन-दोन मोजे, वर जाड कोटाची बाही, कोण उचकटत बसणार? सगळ्यांचा जीव त्या घंटेवर. आणि घंटा कुणाच्या ताब्यात? आपल्या!

बुधवार, ५ तारीख

मुकादमाला सगळे पेंग्विन म्हणतात. कोट घातला की तसाच फेंगडा चालतो. मी माऊसच्या पोटाला चिकटपट्टी लावून ठेवली, तर बिचारा दहा मिनिटं माऊस टेबलावर आपटत होता. मग म्हणाला, तुझ्या ताईकडे बघून सोडतो, नाहीतर तुला मटारच्या पोत्यात शिवला असता.

घरी आम्ही तिघं. मी, ताई आणि चार वर्षांची भाची, ढमी. भावजी ट्रकवर असतात, पंधरा दिवसांनी उगवतात. ढमीला मी आज सांगितलं की तुझी आई बर्फाची राणी आहे. ती म्हणाली, नाही, माझी आई गरम आहे. आणि जाऊन चिकटली तिला पालीसारखी.

शुक्रवार, ७ तारीख

आज जरा जास्त झालं.

पेंग्विन पडद्यावर अकरा वाजले की चहाला पळतो. एक सेकंद आधी नाही, एक नंतर नाही. म्हटलं, बघू या किती वेळ कप धरून उभा राहतो. दहा पन्नासला घड्याळ बारा मिनिटं मागे घेतलं. दहा अडतीस. गडी तिथे कप घेऊन येरझाऱ्या घालतोय, मी काचेआड पोट धरून हसतोय.

ताई आत होती. दहा वीसला गेलेली. बरोबर दहा पन्नासला तिची घंटा व्हायची. ती झालीच नाही, बारा मिनिटांनी झाली. मला तिची आठवण घंटा वाजल्यावर आली.

बाहेर आली तेव्हा ओठ जांभळे. कार्ड टेकवलं, कोट काढला, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता कान गेला. पण नुसती बघत राहिली. मी घड्याळ गपचूप बरोबर केलं. घरी पाय धरायचं ठरवलं होतं, पण ती जेवून लगेच झोपली.

शनिवार, ८ तारीख

सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर घड्याळात ७ तारीख, दहा एकोणचाळीस. आणि खाली आत: १.

कोठार बंद होतं, आत काळं कुत्रंही नाही. यादी उघडली. ताईचं नाव. आत जाण्याची वेळ दहा वीस. बाहेर येण्याची वेळ कोरी.

ताई माझ्या शेजारी उभी होती. तिला दाखवलं. म्हणाली, असेल काहीतरी. घड्याळ बरोबर केलं. तासाभराने बघतो तर परत ७ तारीख, दहा एकोणचाळीस. पेंग्विन म्हणाला, तूच काहीतरी करून ठेवलंयस. म्हटलं, शप्पथ नाही. म्हणाला, तुझ्या शपथा तर मटारच्या भावाने मिळतात.

सोमवार, १० तारीख

मेकॅनिक येऊन गेला. बोलका माणूस. म्हणाला, कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढा सेल असतो, तो मेला की घड्याळाला भ्रम होतो. नवा सेल घातला, वेळ लावली, चहा पिऊन गेला. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ठीक. मग ७ तारीख, दहा एक्केचाळीस.

म्हणजे दिवसाला एक मिनिट पुढे सरकतंय. रविवारी सगळं बंद असतानाही सरकलं.

दिवसभरात मी सहा वेळा घड्याळ बरोबर केलं. करावंच लागतं, नाहीतर बाकीच्यांच्या घंटा कशा वाजणार?

संध्याकाळी ताईने गरम चहा गार होईपर्यंत ठेवला आणि मग प्यायली. साय आलेला. तिला साय बघितली तरी ओकारी येते.

मंगळवार, ११ तारीख

फोनवर मेकॅनिकने सांगितलं, इंटरनेटवरून वेळ घ्यायला लाव. लावली. घड्याळ कुठल्या देशाचं लागलंय ते तपासायला सांगितलं, तपासलं. म्हणाला, मग व्हायरस. तोही शोधला. साहेबांनी वरच्या ऑफिसातला दुसरा कॉम्प्युटर आणून ठेवला. अख्खा नवा डबा. चालू केला. ७ तारीख, दहा बेचाळीस. आत: १.

पेंग्विन हसला नाही.

आज आठ वेळा बरोबर केलं. घरी ताई ढमीचे केस विंचरायला बसली आणि फणी हातात धरून तशीच थांबली. म्हणाली, भांग कुठे पाडतात हिचा? मी म्हटलं, थट्टा करतेस? ती म्हणाली, नाही, विसरले. हात लावला तिच्या हाताला. फ्रीजमधल्या बाटलीसारखा.

ढमी रात्री माझ्याजवळ येऊन झोपली. मी विचारलं, आईजवळ का नाही? तर म्हणाली, मामा, आई कधी येणार रे कामावरून?

ताई समोर बसली होती. ऐकून कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

बुधवार, १२ तारीख

आज कोठाराच्या दारावर आतून टकटक आली. आत कुणी नव्हतं. म्हणजे पडद्यावर होतं. आत: १.

कोट घालून गेलो. शेवटच्या रांगेपासून हिमावर पावलं उमटलेली. ताईच्या बुटांची, टाचेला चीर पडलेली. सगळी पावलं दाराकडे येणारी. परत जाणारं एकही नाही. मधेच संपतात. दारापासून आठ पावलांवर.

पेंग्विनला बोलावून दाखवलं. त्याने वाकून बघितलं, मग म्हणाला, तूच उमटवलीस ना, ताईचे बूट घालून? सांग, मी हसतो. एकदा सांगून टाक.

त्याला हसायचं होतं. मलाही.

शुक्रवार, १४ तारीख

दारापर्यंत आता सहा पावलं उरली. दिवसाला एक. घड्याळ दहा पंचेचाळीस.

मला कळलंय. लिहायला हात वळत नाही, पण कळलंय. त्या बारा मिनिटांत ताई आतच राहिली. बाहेर जी आली ती — मला नाही माहीत ती कोण. चांगली आहे बिचारी. कामं करते, वेळेवर झोपते. पण आठवडा झाला, मला गाढव म्हणाली नाही.

आणि मी घड्याळ बरोबर केलं की काहीतरी पुसलं जातं. काल चार वेळा केलं, तर ती आईचं नाव विसरली. आमच्या आईचं. आज मुद्दाम एकदाही नाही केलं. आज काही विसरली नाही.

दहा पन्नासला घंटा वाजेल. तिची खरी घंटा. तोवर घड्याळाला हात नाही लावायचा. १९ तारखेपर्यंत. बस, एवढंच.

शनिवार, १५ तारीख

बाकीच्यांची वेळ मी हातातल्या घड्याळावर बघतो. वहीत लिहितो कोण कधी गेला, अर्धा तास झाला की दार उघडून हाक मारतो. घसा बसला. साहेब म्हणाले, अरे कॉम्प्युटर नीट कर ना, हा काय बाजार मांडलायस? मी म्हटलं, बुधवारपर्यंत थांबा. का म्हणून विचारलं. खरं सांगितलं.

साहेब खूप हसले. मग म्हणाले, बहिणीवर असले विनोद करू नयेत.

सोमवार, १७ तारीख

तीन पावलं. टकटक आता जोरात येते. मी दाराला कान लावून बसतो. मीपण परत टकटक करतो, तिला कळावं म्हणून की मी आहे.

घरी ढमी तिच्या हातचं खात नाही.

मंगळवार, १८ तारीख

चुकलं. एकाला हाक मारायची राहिली. पन्नास मिनिटं आत. पेंग्विननेच ओढून काढला. बोटं वाचतील म्हणतात.

माझीच चूक. मी दाराशी टकटक ऐकत होतो.

साहेबांनी मेकॅनिकला उद्या सकाळी बोलावलंय. मी पाया पडलो. म्हटलं, अकरानंतर बोलवा, फक्त अकरानंतर. साहेब म्हणाले, ऊठ. तुझ्या ताईचं तोंड बघून पोलिसात देत नाही.

ताईलाच सांगितलं मग. घरातल्या ताईला. म्हटलं, तू सांग साहेबांना. ती म्हणाली, साहेब सांगतील तसं करावं.

दोन पावलं.

बुधवार, १९ तारीख

मेकॅनिक दहाला आला. मी केबिनला आतून कडी लावली. पेंग्विनने खांद्याने दार पाडलं, मला धरून ठेवलं. सारखा म्हणत होता, शांत हो राजा, शांत हो.

मेकॅनिक म्हणाला, अरे घड्याळ बिघडलेलंच नाही! ही जुनी एंट्री अडकलीय, बाहेर पडायची वेळ नाही म्हणून सगळं तिथेच घोटाळतंय. पुसून टाकू. मी ओरडलो. त्याने बटण दाबलं.

दहा चाळीसला. तिच्या घंटेला दहाच मिनिटं उरलेली.

घड्याळ बरोबर झालं. १९ तारीख. आत: ०. दुपारीही बरोबर. संध्याकाळीही. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

टकटक थांबली. आत गेलो. एक पाऊल राहिलं होतं. एकच. दाराला आतून पाच बोटं उमटलेली.

घरी गेलो. ताईने दार उघडलं. हसली, अगदी नीट, पाहुण्याला हसतात तसं. म्हणाली, या ना. आपण कोण?

गुरुवार, २० तारीख. सकाळी

तिच्या पिशवीतून कार्ड घेतलं. पेंग्विन यायच्या आत केबिनमध्ये. घड्याळ मागे. ७ तारीख, दहा वीस. चिठ्ठी चिकटवली — हात लावू नका, माणूस आत आहे. हसतील. हसू देत.

तिचं कार्ड टेकवलं. आत: १. मग घड्याळ दहा एकोणपन्नासवर नेऊन माझं. आत: २.

पेन गोठतं म्हणून पेन्सिल घेतलीय —

आतून

आहे! ताई आहे! दाराजवळच उभी होती. म्हणाली, गाढवा, एवढा वेळ? कोट कुठाय तुझा? आणि कान पिळला. हात गरम आहे तिचा. गरम!

कडी सुटत नाही. ती म्हणते, घंटा झाली की सुटेल, मिनिटाचा तर प्रश्न. हो. मिनिटच. पण दाराच्या काचेतून बाहेरची माणसं भराभर पळताना दिसतात, मुंग्यांसारखी. इथलं मिनिट म्हणजे तिथला दिवस —

ढमी जेवली का विचारते. हो म्हटलं.

पेंग्विन चिठ्ठी वाचतोय. नाही काढली. नाही काढली! शहाणा माझा —

आम्ही दोघं मिळून काच बडवतोय.

केबिनमध्ये कुणीतरी आलं. खुर्चीत बसलं. पाठमोरं. माझा शर्ट आहे अंगात. माझे केस. सरळ बसलाय, शहाण्या मुलासारखा. चिठ्ठी काढली. नीट घडी घातली. माऊसवर हात —

ताई विचारते, तो कोण रे? मी म्हटलं, ताई, माझा हात सोडू नकोस, तो मी