पाठच्या बहिणीची पाठ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (फक्त कागदावर. पाठीवरच्या पिशवीसकट मी खरोखर पालथी पडले की पिशवी माझ्यावर बसते आणि उठू देत नाही. अनुभव आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? आणि तुझ्या चिरंजीवांचा घसा? निघायच्या आदल्या दिवशी “या वयात आईला वाळवंटात पाठवणार नाही” असं मला फोनवर ओरडून सांगताना बसला होता, म्हणून काळजी वाटते. पत्र लिहिते आहे, कारण फोन केला की तू तो त्याच्याच हातात देतेस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली, आणि सख्ख्या बहिणीची लाइन तेवढी मला लागू नये! असो. मी अजिबात रागावलेली नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

एवढा मोठा खंड जमिनीवरून, मिळेल त्या बसने आणि ट्रकने पार करायचा, ही कल्पना माझी; पण दोघींत मिळून एकच मोठी पिशवी घ्यायची आणि आळीपाळीने वाहायची, ही तुझी. तुझी पाळी काही आली नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण लहानपणापासून घोकलं ना? वाळवंटात खरा विंचू पाहिला. त्याच्या पाठीवर काहीही नव्हतं. हात हलवत फिरायला निघाल्यासारखा माझ्या चपलेवरून गेला. म्हणी रचणाऱ्यांनी एकदा तरी घराबाहेर पडून बघायला हवं होतं.

या पिशवीचं एक वैगुण्य दुकानदाराने सांगितलं नव्हतं. ती एकटीला चढवता येत नाही. मागून कुणीतरी उचलून धरायची, मग आपण पट्ट्यांत हात घालायचे. वाळवंटात बस बंद पडली तेव्हा सगळे आपापल्या पिशव्या चढवून सावलीकडे चालू लागले, आणि मी रस्त्यावर बसून पट्ट्यांत हात घातलेली, ना धड बसलेली ना उठलेली. ड्रायव्हर समोर उभा. त्याला मी कॉन्व्हेंटात घोटवलेल्या इंग्रजीत, अत्यंत अदबीने, साहाय्याची विनंती केली. तो गोड हसला आणि नुसता उभा राहिला. शेवटी मी आपल्या मराठीत ओरडले, “अरे मेल्या, बघतोस काय, उचल की!” त्याने ताबडतोब उचलली. नंतर प्रत्येक थांब्यावर तो माझ्यामागे येऊन उभा राहायचा आणि मला आवाज देण्यासाठी म्हणायचा, “मेल्या!” ते माझं नाव आहे अशी त्याची समजूत झाली होती.

कॉन्व्हेंटवरून आठवलं. (तुला आठवत नसेल, तुला हल्ली सोयीचं तेवढंच आठवतं.) माझा पाय मुरगळला होता आणि तू मला पाठुंगळीला घेऊन शाळेत आणलंस. फाटकात मदर उभ्या. मुलींनी पोक काढून चालू नये, म्हणाल्या. तू “येस, मदर” म्हणालीस, आणि मला खाली न उतरवता, तशीच वाकून, त्यांच्यासमोरून थेट वर्गापर्यंत गेलीस. त्या शाळेत ढीगभर सिस्टर होत्या, कामाला आलीस ती तूच. तीच बाई आज खिडकीचा पडदा सरकवायलाही मुलाची परवानगी मागते, हे मला झेपत नाही. पिशवी झेपते, हे झेपत नाही.

डोंगरात एका विधवा बाईच्या घरी खोली घेतली. खाली तिची पावाची भट्टी, वर मी, म्हणून तळपाय तेवढे गरम. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. तिने एक बोट वर करून विचारलं, एकटी? आता अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मला राग आला आणि मी दोन बोटं दाखवली. तिने माझ्या मागे वाकून बघितलं, जिन्यात बघितलं, आणि चहाचे दोन कप आणून ठेवले. मी मुकाट्याने दोन्ही प्यायले. निघताना तिनेच मागून पिशवी उचलून धरली, आणि पट्टे आवळून झाल्यावरही थोडा वेळ तशीच धरून उभी राहिली. मी मागे वळून पाहिलं नाही. डोंगरात वारा फार असतो, डोळ्यांत जातो.

आता या शहरात आहे. कुलूपवाल्याच्या दुकानावर खोली आहे. दिवसभर किल्ल्या घासण्याचा आवाज, त्याची आता सवय झाली. इथल्या बस डेपोतल्या कारकुनाने पिशवी काट्यावर ठेवली, मान हलवली आणि अर्धं सामान काढा म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने सगळ्यांदेखत ती उघडायला लावली. (आत काय निघालं, याच्याशी तुला काय करायचंय?) आमची बरीच जुंपली. वाटेत सोबत झालेली तरुण मंडळी त्याच बसने पुढे गेली. मी मागे राहिले. वजनावरून नव्हे, मला शहरं बघायला आवडतात.

घरात सगळ्यांना आशीर्वाद. चिरंजीवांना गरम पाण्याच्या गुळण्या.

तुझी,
(न रागावलेली) पाठची

ता. क. पिशवीत निघालं ते असं: तुझा लोकरी कोट, तुझी गुडघे शेकायची रबरी पिशवी, तुझे दोन जाडे गाउन, वाचायच्या चष्म्याची डबी, आणि एकीला पुरून उरेल एवढं बामाचं भांडार. आदल्या दिवशी तू माघार घेतलीस, तेव्हा काढायला वेळ झाला नाही. (नंतरही झाला नाही.) या शहरात विमान उतरतं. खोलीत खाटा दोन आहेत. मुलाला विचारू नकोस, सांग. यायचंच नसेल तर तसं कळव, तुझं सामान इथे वाटून टाकते, म्हणजे माझी पाठ तरी मोकळी होईल.

ता. ता. क. वाटून टाकायचं म्हटलं ते खोटं. येताना सामान काही आणू नकोस, सगळं इथे आहे. फक्त पाठ घेऊन ये. पाळी तुझी आहे.